मोहरीएवढं सिलिकॉन

गाडीच्या रंगावर पडणाऱ्या बारीक गोल खळग्याला साहेब लोक क्रेटर म्हणत आणि बाकीचा सगळा पेंट शॉप त्याला डोळा म्हणे. रंग ओला असताना खाली एखादा तेलकट कण असला की रंग त्याच्यापासून अंग चोरतो, चहूबाजूंनी मागे सरकतो, आणि भट्टीतून निघालेल्या चकचकीत छपरावर टाचणीच्या डोक्याएवढा खळगा तुमच्याकडे बघत असतो. एका गाडीवर एक डोळा असेल तर घासूनपुसून निभावता येतं. त्या सोमवारी एकेका छपरावर तीस-चाळीस होते. बॉनेटवरही होते.

"गाड्यांना डोळे आलेत," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी काळे चष्मे लावा रे, नाहीतर साथ पसरेल."

एरवी मावशीच्या असल्या बोलण्यावर लाइन थांबायची पाळी येई. त्या दिवशी कुणाला हसू फुटलं नाही.

मावशी म्हणजे पुसाईवरची सर्वांत जुनी बाई. पुसाई हा रंगाच्या खोलीत शिरण्याआधीचा शेवटचा थांबा. इथे सहा बायका पांढरे झगे, टोप्या आणि हातमोजे घालून गाडीचा उघडा सांगाडा चिकट फडक्याने छपरापासून दाराच्या कडेपर्यंत पुसून काढत. यानंतर गाडीला माणसाचा हात लागत नसे, पुढे सगळा यंत्रांचा कारभार. साहजिकच रंगात काही बिघडलं की सगळ्यांच्या माना आपोआप पुसाईकडे वळायच्या. मावशीच्या खालोखाल जुनी होती वहिनी. तिचा नवरा पूर्वी याच कारखान्यात होता, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. नवरा नोकरी सोडून लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवायला गेला आणि दहा-दहा दिवस घराबाहेर राहू लागला. ती नऊ वर्षं पुसाईवरच राहिली, आणि हाकही तीच राहिली.

पेंट शॉपचा पहिला नियम शेंबड्या पोराला कळेल इतका सोपा होता. अंगाला काही लावून यायचं नाही. तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही, अत्तर नाही. या सगळ्यांत वाईट ते सिलिकॉन. मोहरीएवढं सिलिकॉन शंभर गाड्या नासवतं, असं भरती झाल्याच्या पहिल्याच दिवशी सांगत. ते साध्या पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, आणि डोळ्यांना तर दिसतच नाही. वहिनी नियमाची इतकी पक्की की धाकट्या बहिणीच्या लग्नातही तिने केसांना थेंबभर तेल लावलं नव्हतं, का तर दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. बहीण अजून त्यावरून टोमणे मारते.

आणि आता तर कारखान्यात नवं यंत्र आलं होतं. आलं कसलं, इथेच जन्माला घातलं होतं. नळीवाले साहेब नावाचा एक किडकिडीत इंजिनिअर तीन वर्षं एका कोपऱ्यातल्या खोलीत नळ्यांशी झटापट करत बसला होता. दुरंगी गाडी करायची, म्हणजे अंग पांढरं आणि छप्पर काळं, तर आजवर आख्खी गाडी कागदात गुंडाळावी लागे, कडांना पट्टी चिकटवावी लागे, आणि पुन्हा एकदा भट्टीची वारी. साहेबांनी यंत्राच्या हाताला असं एक डोकं बसवलं की त्याला केसाएवढी अठ्ठेचाळीस भोकं. रंगाचा फवारा उडतच नाही, सरळ धारा पडतात. कागद नको, पट्टी नको, आणि कड अशी की सुरीने कापल्यासारखी. पहिली गाडी निघाली तेव्हा साहेब तिच्याभोवती नव्या बापासारखे फिरत होते. ते डोकं बसवून दोन आठवडे झाले आणि हे डोळे आले.

"नव्या यंत्राबरोबर आलेला हा नवा रंग पातळ आहे," सुपरवायझरने सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. "जुना रंग जे पोटात घालायचा ते हा घालत नाही. कुणीतरी काहीतरी लावून येतंय. आज घरी जा, प्रत्येक बाटली, प्रत्येक ट्यूब उलटी करून वाचा. हे शब्द त्यावर असतील तर ती वस्तू तुमच्या घरातही नको." त्याने फळ्यावर पाच-सहा लांबलचक शब्द लिहिले. पहिला होता डायमेथिकॉन. "आणि ज्याच्यामुळे हे झालं असेल त्याने सामान आवरायला घ्यावं."

वहिनीने ते शब्द तळहातावर लिहून घेतले. मनात मात्र ती निर्धास्त होती. तिच्या घरात होतंच काय!

दुपारी घरी गेल्यावर तिने साबण वाचला, कपड्यांची पावडर वाचली, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षा आहे का गं तुझी?" कशातच काही सापडलं नाही. मग खिडकीतली ती छोटी पांढरी ट्यूब तिने सहज उलटी केली, आणि पहिल्याच ओळीत तो शब्द होता.

तिने तो तळहातावरच्या शब्दाशी अक्षर अक्षर ताडून पाहिला. ती तिथेच ओट्याला टेकली.

ट्यूब टिटवीची होती. टिटवी म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू होते ती झोप लागेपर्यंत थांबत नाही, म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. सात महिन्यांपूर्वी टिटवीने उकळत्या पाण्याचं भांडं ओढलं आणि उजव्या हाताची आतली बाजू दंडापासून मनगटापर्यंत भाजली. जखम भरली, डाग राहिला, जाड, लाल, कोपराच्या वळणावरून गेलेला. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि वहिनीला समोर बसवून नीट बजावलं. "सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. जोर लावून, गोल गोल चोळायचं आणि हात पूर्ण ताणायचा. वर्षभर. डाग सांध्यावर आहे. सोडून दिलंत तर कातडी आखडेल, आणि मग हात उघडणार नाही." वहिनीने पाच महिन्यांत एकदाही चुकवलं नव्हतं. स्वतःला क्रीम लावायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं होतं, पण लेकराचं औषध त्या नियमात कुठे बसेल हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. औषध ते औषध.

पहाटे पाच वाजता ती ते मलम चोळत असे आणि सात वाजता पुसाईवर उभी असे. हात धूत असे, पण साबणाने. मग हातमोजे घालत असे. आणि मोजे घालताना ते याच बोटांनी बाहेरून ओढावे लागतात.

तिने स्वतःशीच वाद घालून पाहिला. पाच महिने लावतेय, मग डोळे आत्ताच कसे? पण उत्तर सकाळीच मिळालं होतं. नवा रंग पातळ आहे, जुना पोटात घालायचा ते हा घालत नाही. झालं. भीतीला एवढा एक आधार पुरेसा होता, पुढचं सगळं तिने भराभर रचून दिलं. दोनशे गाड्या. नऊ वर्षं. नवऱ्याचं एका खेपेला काम असतं, दुसऱ्या खेपेला नसतं. घर चालत होतं ते पुसाईवर. आणि सगळ्यांसमोर खाली मान घालून कपाट रिकामं करणारी आपण.

सासूबाईंना चोळायला सांगावं असं एकदा मनात आलं. पण ट्यूब घरात राहणार, मलम चादरीला लागणार, पंच्याला लागणार, आणि रोज सकाळी दारात टिटवी गळ्यात पडणार. मोहरीएवढं! त्या शब्दाने तिचा पिच्छा सोडला नाही. संध्याकाळी तिने ट्यूब जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, तीन गल्ल्या पलीकडे जाऊन कचराकुंडीत टाकली, आणि येताना कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून दोनदा मागे वळून बघितलं. स्वतःच्या लेकीचं औषध टाकताना चोरासारखी.

"आज मलम नाही?" टिटवीने हात पुढे करून विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या, थोडे दिवस हाताला विश्रांती द्यायची."

"किती दिवस?"

"त्या सांगतील तेव्हा."

"मस्त! मला नाहीच आवडत ते," टिटवी म्हणाली आणि उड्या मारत गेली. खोटं इतकं सहज खपलं की वहिनीला त्याचीच धास्ती वाटली.

पुढचे तीन दिवस गाड्यांवर डोळे येतच राहिले. वहिनी घरातल्या चादरी उकळत होती, झगा दिवसातून दोनदा बदलत होती. चौथ्या दिवशी डोळे कमी झाले. पाचव्या दिवशी एकही नव्हता. सगळा शॉप सुटकेचा श्वास सोडत होता आणि वहिनी मनाशी ट्यूब टाकल्यापासूनचे दिवस मोजत होती. म्हणजे मीच. आता शंकेला जागाच नव्हती. चौथ्या दिवसापासून आठवडाभर दुरंगी गाड्यांची मागणी नव्हती आणि साहेबांचं डोकं बंद होतं, ही गोष्ट तिलाच काय, कुणालाच सुचली नाही.

मग डोळे परत आले, थोडे थोडे, कधी असत, कधी नसत. घरात कुठेतरी मलम अजून उरलंय, असंच वहिनीने धरलं. आणि नळीवाल्या साहेबांनी हातांची तपासणी काढली.

प्रत्येकाने वहीच्या पानाएवढ्या स्वच्छ पत्र्यावर उघडा तळहात दाबायचा. पत्र्याच्या मागे नंबर. पत्रे लाइनपासून दूर, हाताने फवारून रंगवायचे, भट्टीत घालायचे, आणि ज्याच्या पत्र्यावर डोळे उठतील तो माणूस सापडला. तपासणी दुसऱ्या दिवशी दहा वाजता. वहिनीने त्या दिवशी सुट्टी व्हायच्या वेळेला थिनरच्या डब्यात फडकं बुडवलं आणि संडासात उभं राहून हात घासले. सकाळी पुन्हा घासले. बोटांची सालं निघाली, भेगांतून रक्त आलं. रांगेत मावशी तिच्या पुढे होती.

"काय गं हे?" तिने वहिनीचे हात बघितले. "भांडी घासलीस की भिंती?"

"ऊन बाधलं."

"तळहाताला?"

वहिनीने हात झग्याच्या बाह्यांत ओढून घेतले. तेवढ्यात मावशीचा नंबर आला म्हणून ती पुढे गेली. वहिनीचा पत्रा सतरावा होता. तळहात दाबताना चरचरलं, आणि भीती अशी की तिला वाटलं, पत्रा आत्ताच बोलायला लागेल.

पत्रे भट्टीत गेले. पाऊण तास. वहिनी गाड्या पुसत होती, पण कोणत्या गाडीचं छप्पर झालं आणि कोणत्या गाडीचं राहिलं याचं तिला भान नव्हतं. एका गाडीचं दार तिने तीनदा पुसलं. शेवटी दिव्यांच्या बोगद्यात, जिथे तयार गाड्या तपासतात, तिथे तारेवर बावन्न पत्रे ओळीने टांगले गेले. सुपरवायझर एकेकापुढे वाकून बघत निघाला. अकरा. बारा. तेराव्याला तो थांबला, पण तिथे फक्त एक केस निघाला. सोळा. सतरापुढे तो वाकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि पुढे गेला.

बावन्नच्या बावन्न स्वच्छ.

कुणाला आनंद, कुणाला वैताग. वहिनीला मात्र एकच कळलं. मलम बंद केलं म्हणून आपण वाचलो. आता ते पुन्हा सुरू करायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

घरी टिटवीचा डाग खाजायला लागला होता. ती सारखी ओरबाडायची. सासूबाई म्हणाल्या, "मलम संपलं असेल तर आण की. पोरगी रात्रंदिवस खाजवते."

"डॉक्टरांनी थांबवलंय म्हटलं ना!" वहिनी ओरडली. या सुनेने आजवर आवाज चढवला नव्हता.

महिन्याची तपासणी आली. वहिनीने दवाखान्यात फोन करून पोरीला ताप आहे म्हणून सांगितलं. टिटवी आता पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलायची. शाळेतून चिठ्ठी आली, अक्षर बिघडलंय. वहिनीने ती चिठ्ठी घडी करून डब्याखाली ठेवली. पोरीला आंघोळ घालताना ती उजव्या हाताकडे बघत नसे. पाठ चोळायची, पाय चोळायची, आणि उजवा हात टिटवीलाच धुवायला सांगायची. आपण काय बघायचं टाळतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती बघत नव्हती.

सहा आठवडे झाले. एका गुरुवारी सकाळी लाइन थांबवून सगळ्यांना बोलावलं. नळीवाले साहेब मधे उभे होते, दाढी वाढलेली, हातात काळ्या रबराची एक चिमुकली कडी.

"ही माझ्या डोक्यात होती," ते म्हणाले.

"तुमच्या डोक्यात काय काय असतं, साहेब," मागून कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदा हशा पिकला. साहेबही हसले, पण रडवेले होऊन. त्यांच्या यंत्राच्या डोक्यात अशा अठ्ठेचाळीस कड्या. ज्याने त्या पुरवल्या त्याने बसवायला सोपं जावं म्हणून सिलिकॉनचं ग्रीस लावलं होतं. डोकं थिनरने धुतलं की ते थिनर फिरून रंग फवारणाऱ्या सगळ्या बंदुकांत जात होतं, म्हणून डोळे छपरावरच नाही, सगळीकडे. ज्या आठवड्यात डोकं बंद, त्या आठवड्यात डोळेही बंद.

"तीन वर्षं खपून मी ते बनवलं," साहेब म्हणाले. "म्हणून सगळ्यांत शेवटी तिथे बघितलं. तुमच्या हातांवर संशय घेतला. माफ करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या. तिच्या कानांवर सगळं पडत होतं, पण ते आत उतरायला वेळ लागत होता. मी नव्हते. मी कधीच नव्हते.

"आणि आता जमलोच आहोत तर," सुपरवायझर म्हणाला, "ज्यांचं अंगाला लावायचं औषध चालू आहे त्यांनी औषधाचा कागद नव्याने भरून द्या. जुने जीर्ण झालेत."

"कुठला कागद?" वहिनीने मावशीला विचारलं.

"अगं, औषधाचा. माझ्या घोट्याला ते मलम नाही का, चार वर्षं झाली. कागद दिला की ते दोन जोड मोजे देतात आणि इथे आल्यावर खास साबणाने अंघोळ. फार तर डोळे आले की आठवडाभर गोदामात बसवतात. बरंच असतं, बसून काम." मावशी हसली, मग थांबली. "का गं? तुझं आहे का काही?"

"माझं नाही," वहिनी म्हणाली.

तिने अर्धी रजा टाकली. झगा बदलताना गुंड्या सुटेनात. औषधाच्या दुकानात ट्यूबचं नावच आठवेना, तेव्हा तिने हाताने कोपर दाखवलं, डाग दाखवला, नसलेला डाग, आणि दुकानदाराने तीन ट्यूबा पुढे ठेवल्या त्यातली पांढरी तिने ओळखली. घरापर्यंतचा रस्ता ती जवळजवळ धावतच आली.

टिटवी शाळेतून येऊन जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. डाव्या हाताने. आजी पलंगावर डुलकी घेत होती.

"हात दाखव," वहिनी तिच्यासमोर बसली.

"मलम परत?" टिटवीने तोंड वाकडं केलं. "विश्रांती संपली?"

"संपली. सरळ कर बरं हात. अगदी सरळ."

टिटवीने हात पुढे केला. वहिनीने सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. डाग दोरीसारखा वर आला होता, दंडापासून मनगटाकडे ओढलेला, आणि त्या ओढीने कोपर वाकलेलं होतं.

"सरळ कर गं."

"केलाय की."

"अजून. पूर्ण."

टिटवीने ओठ दाबून जोर लावला. डाग पांढरा पडला. कोपर होतं तिथेच राहिलं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिला खरंच कळेना की आई काय मागतेय.

"आई, हा सरळच आहे."

वहिनीला हुंदका आवरला नाही. तिने ते वाकलेलं कोपर दोन्ही हातांत धरलं. "नाही गं बाळा. सरळ नाहीये तो. डॉक्टर काहीच म्हणाल्या नव्हत्या. मीच थांबवलं होतं."

"का?"

"घाबरले होते मी."

"कुणाला?" टिटवीने विचारलं.

"कुणालाच नाही," वहिनी म्हणाली, आणि ट्यूबचं झाकण उघडून डाग गोल गोल चोळायला लागली.